ताऱ्यांची अंतरं काढताय? मग या चुका टाळा

ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया अंतराळयानाचा डेटा कोणालाही फुकट मिळतो, त्यामुळे हल्ली बरेच जण एक्सेल उघडून ताऱ्यांची अंतरं काढत बसतात, छानच आहे, पण उत्तर भलतंच आलं की डेटाला नावं ठेवतात, आणि घोळ बहुतेक वेळा आपल्याच हिशेबात असतो.

पहिला घोळ युनिटचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा तारा आकाशात जरासा सरकलेला दिसतो, त्यावरून काढलेला कोन म्हणजे पॅरॅलॅक्स. 1 भागिले पॅरॅलॅक्स केलं की अंतर येतं, पण कोन आर्कसेकंदात (अंशाचा 3600 वा भाग) असेल तरच उत्तर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं), आणि गायाच्या टेबलात तो मिली-आर्कसेकंदात, म्हणजे आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागात असतो. सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्याचा, प्रॉक्सिमा सेंटॉरीचा आकडा साधारण 768 दिसेल, तो 0.768 करून भागा, 1.3 पार्सेक येतील, गुणिले 3.26 म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षं. हजारपट चूक इथेच होते.

मायनस पॅरॅलॅक्स दिसला की लोक ती ओळ सरळ उडवतात. नका उडवू! तारा खूप लांब असला की मोजण्यातली एरर खऱ्या कोनापेक्षा मोठी होते आणि आकडा शून्याच्या खाली जातो, एवढंच. फक्त प्लसवाले ठेवले तर सगळा गट उगाच जवळ दिसायला लागतो. शेजारचा एररचा कॉलम बघायचाच, एरर पॅरॅलॅक्सच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या वर गेली तर नुसत्या भागाकारावर विसंबू नका.

आणि एरर छोटी दिसली म्हणून लगेच खूश पण होऊ नका. गायाच्या आधी हेच काम करणाऱ्या हिपार्कोस उपग्रहाने कृत्तिका साधारण 118 पार्सेकवर दाखवल्या, बाकीच्या पद्धती 130 च्या पुढे सांगत होत्या, वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी रेडिओ दुर्बिणी आणि गाया दोघांनी 136 च्या आसपास आकडा दिला. म्हणून दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यायचाच.

गॅलेक्सी असेल तर रेडशिफ्ट (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते) घेऊन हबलच्या नियमात (गॅलेक्सी जितकी लांब तितकी वेगाने दूर जाते) टाकायची घाई नको. देवयानी (अँड्रोमेडा) गॅलेक्सी आपल्याकडेच येतेय, सेकंदाला 300 किमीच्या आसपास, मग अंतर काय मायनस लिहिणार? तिथे सेफिड तारे लागतात (त्यांचं तेज ठराविक काळाने कमी-जास्त होतं आणि त्या काळावरून खरं तेज, मग अंतर कळतं), आणि त्यांचेही दोन प्रकार आहेत हे 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने दाखवलं तेव्हा देवयानीचं अंतर एकदम दुप्पट झालं.

खूप लांबच्या गॅलेक्सीला प्रकाश किती वर्षं चालत आला तेच आजचं अंतर समजू नका, मधल्या काळात विश्व पसरलंय, वय 1380 कोटी वर्षं असूनही दिसणाऱ्या विश्वाची कड आज 4600 कोटी प्रकाशवर्षांवर आहे.