जुन्या घरातली जमीन खचली असेल तर फरशी बदलायच्या आधी हे करा

जुन्या घरात जमीन वरखाली झाली की लोक पहिले टाईल्सच्या दुकानात जातात आणि चूक तिथूनच सुरू होते. दुकानात सांगतात आहे त्या फरशीवरच टाईल्स बसवा, उकरायची गरज नाही, दोन दिवसात काम. आता हिशोब करा, १० बाय १२ ची खोली, मधे खड्डा आहे म्हणून सरासरी दोन इंच मसाला टाकून लेव्हल केली तर तो झाला वीस घनफूट मसाला, म्हणजे एक टनाच्या वर वजन, आणि हे वजन तुम्ही कशावर ठेवताय तर फरशीखालची जी भरणी आधीच खचलीये तिच्यावर. वर्ष दोन वर्षात परत खड्डा, शिवाय उंबरठा बुडाला आणि दारं घासायला लागली ते वेगळंच. माहेरचं, सासरचं आणि नात्यातली मिळून सात-आठ घरांची जमीन मी गवंडी हाताशी घेऊन करून घेतलीये, त्यातली पहिली दोनदा करावी लागली, म्हणून सांगते.

हे सगळं तळमजल्याबद्दल आहे, म्हणजे दगडी जोतं, आत मातीची किंवा मुरमाची भरणी आणि वर शहाबादी फरशी किंवा कोबा (काँक्रीटचा घोटलेला थर) असलेल्या घरांबद्दल. माडीची जमीन झुकली असेल तर ते काम वेगळं, तिथे लाकडाचा प्रश्न असतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. अशा माडीवर लेव्हल करायला एक घमेलं मसालासुद्धा टाकू नका, खाली टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

आधी लेव्हल काढा

डोळ्याने ठरवू नका. पारदर्शक प्लास्टिकचा १० मीटर पाईप घ्या, पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा नको, आणि चारही भिंतींवर एकाच उंचीची खूण मारून घ्या. मग दोरी ताणून दर दोन फुटांवर दोरीपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा आणि तो आकडा खडूने त्याच फरशीवर लिहा, फोटो काढा. पुन्हा पावसाळ्यानंतर मोजा. आकडे तेच असतील तर जमीन पूर्वी कधीतरी खचून थांबलीये, बदलले असतील तर खाली अजून काहीतरी चालू आहे आणि ते सापडल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

खड्डा कुठे आहे यावरून बरंच कळतं. खोलीच्या मधोमध सगळीकडे सारखी बशीसारखी खचली असेल तर भरणी नीट दाबलेली नव्हती. मोरीच्या किंवा न्हाणीच्या बाजूला खचली असेल तर पाणी मुरतंय, मोरीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून दोन इंच पाणी भरा, खूण करा आणि रात्रभर ठेवा, पाणी उतरलं तर उत्तर मिळालं. कोपऱ्यात बारीक मातीचे ढीग दिसतात आणि पहारीचं मागचं टोक आपटलं की बदबद आवाज येतो, तिथे घूस आहे. आणि पावसाळ्यात मधे फुगते आणि उन्हाळ्यात परत बसते अशी जमीन असेल तर खाली काळी माती आहे, सोलापूरकडच्या मावशीच्या घरी हेच होतं, तिथे दर चैत्रात भिंतीलगत बोट जाईल एवढी फट पडायची. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, तिच्यावर काहीही बसवा ती हलवणारच. ती जमेल तेवढी खोल काढून जागी न फुगणारा मुरूम भरायचा आणि बाहेरचं पाणी जोत्यापासून लांब न्यायचं, दुसरा मार्ग नाही.

भिंतीवर तिरकी भेग असेल तर मात्र थांबा. भेगेवर काचेची पातळ पट्टी आरपार चिकटवा, ती तडकली तर भिंत हलतेय, मग प्रश्न पायाचा आहे आणि तो इंजिनियरशिवाय सोडवायचा नाही.

उकरणं

काम दिवाळीनंतर काढा, मार्च-एप्रिलपर्यंत संपवा. फरशीवर नंबर घाला, एक फरशी बळी द्या म्हणजे बाकीच्या खालून पहार घालून सुट्या निघतात. जुनी जाड शहाबादी चुन्यात बसवलेली असेल तर अलगद निघते, ती टाकून देऊ नका, आता तशी जाडी सहज मिळत नाही.

एकच गोष्ट जपा, भिंती दगड-मातीच्या असतील तर सगळी खोली एका वेळी उकरू नका. मी अर्धी खोली आधी करते, मग अर्धी, आणि भिंतीलगत फूटभर माती शेवटपर्यंत ठेवते, ती तीन-चार फुटांच्या तुकड्यात काढायची आणि लगेच भरायची. पायाच्या तळाखाली कुदळ कधीच न्यायची नाही.

भरणी, इथेच सगळं आहे

सासरचं घर पाटण तालुक्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात त्याची मागची भिंत पडली होती आणि परत बांधताना पडलेल्या भिंतीचाच राडारोडा, मोठे दगड, माती, तुटकी कौलं सगळं जोत्यात टाकून वर फरशी घातली होती. अशा भरणीत दगडादगडांमधे पोकळ्या राहतात, वरची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी त्यात उतरते आणि फरशी तिच्यामागे जाते. आम्ही उकरलं तेव्हा एका ठिकाणी पूर्ण हात कोपरापर्यंत आत गेला.

मी पहिल्या वेळी काय केलं तर अडीच फूट उकरलं, ट्रॉलीने मुरूम आणला, एका दिवसात सगळा आत ओतला आणि सगळे सांगत होते तसं त्यावर पाणी सोडून दिलं. पाणी सोडलं की भरणी आपोआप बसते हे तुम्हाला प्रत्येकजण सांगेल, गवंडी सांगेल, शेजारी सांगतील, मेहुणे सांगतील. हे वाळूच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं आहे कारण वाळूतून पाणी निघून जातं आणि कण एकमेकांत बसतात. मुरमात माती असते, त्याचा चिखल होतो, वर कडक पापुद्रा येतो आणि तुम्हाला वाटतं बसलं, खाली महिनोन्महिने ओल राहते आणि ती वाळते तशी भरणी आक्रसत जाते. पुढच्या दिवाळीला आमची नवी फरशी मधे दीड इंच खाली होती आणि माजघरातलं कपाट भिंतीपासून पुढे झुकलं होतं. त्याहून वाईट म्हणजे ते सगळं पाणी मातीत बांधलेल्या भिंतीच्या बुडाला लागलं, आतल्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा (ओलीने फुटून येणारा पांढरा क्षार) लागला, तो काढायला दोन वर्षं गेली. म्हणून मातीच्या भिंतींच्या घरात भरणीवर पाणी सोडू नका, कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे. आधी खालचा राडारोडा काढा, मोठे दगड बाजूला ठेवा, ते सोलिंगला म्हणजे काँक्रीटखालच्या दगडांच्या थराला लागतील, तळ धुमसाने (माती ठोकायचं जड, दांड्याचं हत्यार) ठोकून घ्या. मग मुरूम सहा इंचाचा थर पसरा, त्याहून जास्त नाही, भिंतीवर खडूने सहा-सहा इंचाच्या रेषा मारून ठेवा म्हणजे बिगारी लोकांशी वाद होत नाही. हाताने ठोकताना जोर वरच्या थोड्या इंचातच पोचतो, एक फुटाचा थर टाकला तर वर कडक आणि खाली भुसभुशीत राहणार आणि तुम्हाला ते वरून कळणारही नाही.

ओल किती हवी हे मुठीने बघायचं. मूठभर मुरूम दाबा, गोळा झाला पाहिजे, तळहाताला पाणी सुटता कामा नये, आणि तो गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की त्याचे चार-पाच तुकडे झाले पाहिजेत. गोळाच झाला नाही तर कोरडा आहे, झारीने पाणी शिंपडून फावड्याने कालवा. पडून पचकला तर ओला आहे, पसरून वाळू द्या, तसाच ठोकायला घेऊ नका, तो धुमसाखाली रबरासारखा हलत राहतो आणि बसत नाही. हे दर थराला बघायचं, सकाळी बरोबर असलेला मुरूम दुपारच्या उन्हात कोरडा होतो.

मग धुमस. आठ-दहा किलोचा लोखंडी धुमस, कडेपासून सुरू करून मधे यायचं, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा चढला पाहिजे, आणि पूर्ण थरावर असं किमान पाच-सहा वेळा. कंपन करणारं मशीन भाड्याने मिळतं पण दगड-मातीच्या भिंतींच्या घरात मी ते आत आणू देत नाही, सांध्यातली माती गळते. दुसऱ्या वेळी जे म्हातारे गवंडी मामा होते त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ते म्हणाले, "वहिनी, डोळ्यानं बघू नगा, कानानं ऐका." भरणी मोकळी असताना धुमसाचा आवाज भद्द येतो, दाबली गेली की आवाज कोरडा, टणक होतो आणि धुमस हातात थोडा उसळतो. संपूर्ण थरावर तो आवाज एकसारखा आला की मगच पुढचा थर. एखाद्या जागी भद्द राहिला तर तिथला थर उकरा, खाली दगड आडवा असेल किंवा जुनं बीळ असेल. शंका असेल तर १२ मिमीची सळई दोन्ही हातांनी दाबून बघा, इंचभराहून जास्त आत जात असेल तर अजून ठोका.

सहा इंचाचा मोकळा थर ठोकून साधारण साडेचार इंच होतो. म्हणजे दीड फूट पक्की भरणी हवी तर चार थर, आणि १० बाय १२ च्या खोलीला मोकळा मुरूम २४० घनफूट लागतो, म्हणजे जवळपास अडीच ब्रास धरा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माणसं कमी मुरूम मागवतात आणि शेवटचा थर खोलीतल्याच जुन्या मातीने उरकतात, ते करू नका. दोन माणसांना एवढ्या खोलीला तीन-चार दिवस लागतात. गवंडी म्हणेल एका दिवसात करून देतो, त्याला रोजावर ठेवा, अंगावर म्हणजे ठरलेल्या रकमेत पूर्ण काम देऊ नका, कारण अंगावर दिलं की थर एक फुटाचे होतात आणि त्यात त्याचाही दोष नाही, त्याला दुसरं काम गाठायचं असतं. आणि ठोकताना तुम्ही किंवा घरातलं कोणीतरी तिथे थांबा. भरणी झाकली गेली की ती कशी झाली हे कोणालाच दिसत नाही, आणि जे दिसणार आहे त्या टाईल्सच्या रंगावर घरात महिनाभर चर्चा होते आणि भरणीच्या दिवशी सगळे लग्नाला गेलेले असतात, हे मी स्वतः तीन घरात बघितलंय.

उकरलेलं असतानाच वाळवीचं औषध मारून घ्या आणि पाण्याचे, मोरीचे जुने पाईप बदला.

वरचे थर

सहा इंच दगडाचं सोलिंग, दगड उभे लावायचे आणि फटीत बारीक डबर आणि मुरूम ठोकून भरायचा. घुशीसाठी काचा टाकायची गावाकडे पद्धत आहे, मी टाकत नाही, पुढे कधी उकरणाऱ्याचे हात कापतात, आणि घट्ट सोलिंगवर चार इंच काँक्रीट असलं की घूस वर येत नाही. ते काँक्रीट १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी), सात दिवस गोणपाट ओलं ठेवून पाणी मारायचं. इथे पाणी चालतं, पण शिंपडायचं, तळं करायचं नाही.

फरशी १:६ च्या मसाल्यात (सिमेंट, वाळू), नंबराप्रमाणे. माजघर लेव्हलमधे, स्वयंपाकघराला मोरीकडे थोडा ढाळ. दरजा म्हणजे फरश्यांमधल्या फटी दोन दिवसांनी भरा.

कपाटं, कोठ्या, दिवाण आठवडाभर तरी परत आत नेऊ नका. आणि पहिल्या पावसाच्या आधी बाहेरची बाजू करा, जोत्यालगत दोन-अडीच फूट रुंद कोबा, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन, पागोळ्यांचं पाणी त्याच्या पलीकडे पडेल असा. लेव्हलच्या खुणा भिंतीवर तशाच ठेवा, रंगाऱ्याला सांगून ठेवा पुसू नको म्हणून. दिवाळीत परत पाईप लावून तेच आकडे मोजा. आमच्या माजघरात दुसऱ्या कामाला आता नऊ पावसाळे झाले, सगळ्यात जास्त फरक दोन मिमी आहे, तोसुद्धा दाराजवळ.