म्हाताऱ्या पावसात पान पिवळं पडलं, तर आधी कुंडीचं भोक बघा

पुनर्वसूचा तरणा सरून पुष्याचा म्हातारा पाऊस लागला की खानापूर-जांबोटीपासून बेळगावच्या शहापूर-वडगावपर्यंत परसापरसांत एकच तक्रार सुरू होते. जास्वंदीची पानं पिवळी होऊन गळतात, तुळस मान टाकते, गुलाबावर काळे ठिपके येतात. आणि दरवेळी पहिला हात जातो तो खताच्या पुडीकडे. तो आवरा. या झडीत कुंडीतली झाडं उपासमारीनं क्वचित मरतात. मरतात ती मुळं कुजून.

आज, पाऊस चालू असतानाच, कुंडी उचला आणि खालचं भोक बघा. सिमेंटच्या गच्चीवर कुंडी चपखल बसली की भोक बंद होतं. कधी मुळांचा गुंता, कधी चिखल, कधी खाली ठेवलेली ताटली. खालून सळई घालून भोक मोकळं करा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. मग वरून लिटरभर पाणी ओता. दोन-तीन मिनिटांत खालून धार लागली नाही, तर निचरा नाही असं समजा.

मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड सुकल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात, पाणी कमी पडलं, आणि आणखी एक तांब्या ओततात. झाड जातं ते इथं. खालची पानं सरसकट पिवळी, मऊ, माती ओली आणि आंबूस वास असेल तर दुसरं निदान शोधू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष तुळशी वृंदावनाकडे होतं. सिमेंटच्या वृंदावनाला बऱ्याचदा भोकच नसतं, वरून पत्र्याची पागोळी आत पडते, आणि पूजेचा तांब्याभर पाण्याचा नेम भर पावसातही चुकत नाही. गवंड्याकडून मातीच्या तळाशी अर्ध्या इंचाची दोन भोकं पाडून घ्या, पागोळी वळवा, आणि मघा नक्षत्र संपेपर्यंत (ऑगस्टअखेर) पूजेचं पाणी पळीभरच घाला. नेमही राहतो, तुळसही राहते.

मूळ कुजलंय अशी शंका असेल तर उघडीप मिळताच झाड बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, चिमटीत धरलं की साल निघून आत दोरा उरतो. कुजका भाग कापा, शेंडेही तिसरा हिस्सा छाटा, नव्या मातीत लावून आठवडाभर सावलीत ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के (तांब्याचं बुरशीनाशक), लिटरला ३ ग्रॅम, मुळाशी एकदा ओतलं तर चालतं, पण तुळशीसारख्या पोटात जाणाऱ्या पानाच्या झाडाला नको. पण भोक बंदच ठेवून ओतलेलं औषध म्हणजे साचणाऱ्या पाण्यात आणखी पाणी. तीन आठवडे खत नाही.

निचरा ठीक असूनही पान पिवळं असेल, तर आधी बघा: जुनं की नवं?

– जुनी पानं सरसकट फिकट, वाढ खुंटलेली: नत्र कमी. मूठभर गांडूळखत, किंवा युरिया लिटरला ५ ग्रॅम, फवारून.
– जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, फवारून.
– नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक अॅसिड १ ग्रॅम लिटरला, संध्याकाळी.

ही तिसरी खूण अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर जास्त दिसते. तिथं मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे झाडाला उचलता येत नाही. म्हणून फेरस सल्फेट मातीत टाकू नका, पानांवर फवारा. आणि अशी माती चिंब राहिली की हा पिवळेपणा वाढतो, म्हणजे तिथंही आधी निचराच.

ठिपक्यांसाठी पान दोन्ही बाजूंनी बघा. गुलाबाचा काळा ठिपका कडेला झालरीसारखा असतो, भोवती पिवळं होतं आणि पान गळतं. पान सात-आठ तास ओलं राहिलं की बुरशी आत शिरते. गळलेली पानं रोज वेचून टाका, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, उघडिपीत मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला २ ग्रॅम, फवारा. थंड, ढगाळ हवेत गुलाबावर तांबेयुक्त औषध टाळा, पानं करपतात. लिंबाच्या पानावर दोन्ही बाजूंनी उठलेला खरबरीत फोड आणि भोवती पिवळं वलय म्हणजे खैऱ्या. तिथं मात्र कॉपर ऑक्सिक्लोराईडच, आणि आधी रोगट फांदी छाटून जाळा. जास्वंदीखाली मुंग्यांची रांग दिसली तर वर पिठ्या ढेकूण किंवा मावा असणार.

दुकानात पिवळं पान दाखवलं की ह्युमिक, टॉनिक आणि ‘सगळ्यावर एकच’ अशी महाग बाटली पुढे येते. मॅग्नेशियम सल्फेट किंवा फेरस सल्फेट सुटं मागा, स्वस्त पडतं. लेबलवरचं कानडी वाचता येत नसेल तर निदान रंगाचा त्रिकोण, म्हणजे विषारीपणाची खूण, बघा: लाल आणि पिवळा घरी आणू नका.

नेहमीची कामं:
– मिश्रण: तांबडी माती २ भाग, कुजलेलं शेणखत १, जाड वाळू किंवा विटांचे तुकडे १
– भोकावर खापरी, पालथी
– बोट दोन पेरं खुपसून ओल बघणं. वाफसा (चिखल जाऊन माती नुसती ओलसर, मोकळी) आल्याशिवाय पाणी नाही
– ताटल्या काढून ठेवणं
– कात्री स्पिरिटनं पुसणं

खापराची कुंडी बोटानं वाजवून बघा. खणखणीत वाजली तर कोरडी, बद्द वाजली तर ओली. पुस्तकी मोजमाप नाही हे, पण खानापुरी कुंडीला सहसा चुकत नाही. प्लास्टिकला आणि रंग दिलेल्या कुंडीला लागू नाही.

तुळस, कढीपत्ता, विड्याची वेल यांवर मॅन्कोझेब किंवा तांब्याचं औषध मारू नका. पोटात जाणारं पान आहे. ठिपक्याची पानं खुडा, वेलीची दाटी मोडा, किडीसाठी निंबोळी पावडर लिटरला ५० ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारा. वेलीच्या बुडाशी खोड काळं पडून मऊ झालं असेल तर त्याच दिवशी भोवतीचं पाणी चर काढून बाहेर सोडा आणि वरचे निरोगी तुकडे दुसऱ्या मातीत लावा. बुडाची ती माती परत वापरू नका.