थोड्या खर्चात खोली उजळवताना: आधी उजेड, मग रंग, मग कापड

इंदूरच्या रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्त्यांमधील खोल्या मलूल दिसतात, त्याचे कारण बहुधा सामान जुने असणे हे नसून खिडकीतून येणारा उजेड वाटेतच अडणे हे असते. खिडकीला टेकलेले कपाट, तावदानांवर साचलेली धूळ, अर्धी खिडकी कायम झाकणारा पडदा आणि पिवळे पडलेले छत यांपैकी दोन गोष्टी तरी प्रत्येक घरात सापडतात. म्हणून खोलीचे रूप पालटायचे ठरले, की नवी वस्तू आणण्याआधी उजेडाची वाट मोकळी करावी, असे माझे ठाम मत आहे. या पहिल्या टप्प्याला पैसे लागत नाहीत, एक मोकळा रविवार मात्र लागतो.

त्या दिवशी खोली पूर्ण रिकामी करावी; निम्मे सामान मध्यभागी ढकलून केलेले काम निम्मेच होते. तावदाने आणि गज धुऊन घ्यावेत, आणि मग रिकाम्या खोलीत सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि दिवे लावल्यानंतर असे तीनदा थोडा वेळ उभे राहून कोणत्या भिंतीवर ऊन पडते, कोणता कोपरा दिवसभर काळोखा राहतो, ते पाहावे. खिडकीसमोरची भिंत खोलीत उजेड परतवते, त्यामुळे तिला फिकटच रंग हवा. एखाद्या भिंतीला गडद रंग देण्याची हौस असेल, तर ती खिडकीच्या बाजूला काटकोनात असलेल्या भिंतीवर भागवावी. ज्या भिंतीत खिडकी आहे, तिच्यावर गडद रंग देणे ही नेहमी होणारी चूक आहे, कारण ती भिंत आपल्याला कायम उजेडाच्या विरुद्ध दिसते आणि मुळातच काळवंडलेली भासते. छत मात्र पांढरेच ठेवावे. सगळ्या खोलीला रंग देणे परवडत नसेल आणि फक्त छतालाच देता येत असेल, तरी तेवढ्याने फरक पडतो.

आता भिंतीची परीक्षा. कोरडा तळहात भिंतीवरून जोराने फिरवावा. हाताला पांढरी पूड लागली, तर वरचा थर चुन्याचा किंवा कोरड्या डिस्टेंपरचा आहे आणि तो खरवडून काढल्याशिवाय इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग, त्यावर टिकणार नाही. ओलीसाठी प्लास्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर तो खोलीतील हवेचा दमटपणा आहे. भिंतीतून ओल येत असेल, तर रंगाचे पैसे तूर्त बाजूला ठेवावेत. आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाळीच्या तोंडावर घाईने पुताई करून घेतली होती आणि संक्रांतीपर्यंत जमिनीपासून दोन फुटांपर्यंतचा रंग फुगून त्याचे पापुद्रे निघाले. खरवडल्यावर कळले, की भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातील नळाचा जोड झिरपत होता. जोड दुरुस्त केला, भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार, लागला होता तो कोरड्या ब्रशने झाडला, महिनाभर भिंत वाळू दिली आणि मगच रंग दिला. तो अजून टिकून आहे. माळव्यात पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो आणि दिवाळी लगेच येते, त्यामुळे भिंती पुरत्या वाळण्याआधीच रंग चढतात. ज्यांना थांबता येईल, त्यांनी हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे.

घर विटा आणि चुन्याच्या जुन्या बांधणीचे असेल, तर एक गोष्ट विशेष जपावी. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि हवेत सोडतो. त्यावर ऑइल पेंटसारखा बंद थर बसवला, की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत गिलावाच सुटून येतो. अशा भिंतीला चुन्याचीच सफेदी योग्य, आणि ती सर्वांत स्वस्तही पडते. विझवलेला चुना रात्रभर भिजवून गाळावा, त्यात थोडा डिंक मिसळावा, आणि रंगछटा हवी असल्यास पिवडी (पिवळी माती) किंवा गेरू घालावा, कारण हे मातीचे रंग चुन्यात विटत नाहीत. वाळल्यावर छटा बरीच फिकी होते, तेव्हा आधी कोपऱ्यात नमुना लावून दुसऱ्या दिवशी पाहावा. चुना डोळ्यांना गंभीर इजा करतो. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.

सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीला साधे इमल्शन पुरते. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतींची उंची 10 फूट धरली, तर चारही भिंती 440 चौरस फूट होतात आणि दार-खिडक्या वजा जाता साधारण 400 उरतात. नीट तयार केलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांना सुमारे 50 ते 60 चौरस फूट पुरते असे धरावे. म्हणजे सगळ्या खोलीला सात-आठ लिटर, पण बारा फुटी एका भिंतीला दोन-अडीच लिटरच लागतात. डब्यावर लिहिलेले प्रमाण पाहून हा हिशेब पक्का करावा आणि मगच इंदूरचा सियागंज बाजार गाठावा. भेगांमध्ये पुट्टी एकदम जाड न भरता पातळ थरांनी भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने, म्हणजे आपल्याकडच्या रेगमालाने, घासून भिंत पुसून घ्यावी, प्राइमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराचा, एक हात द्यावा आणि त्यानंतर इमल्शनचे दोन हात, मध्ये किमान चार तास ठेवून. कडा ब्रशने आणि मधला भाग रोलरने करावा. अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा रोलर फिरवला की पट्टे उमटतात, म्हणून एक भिंत एका दमात पुरी करावी.

दारे-खिडक्यांच्या जुन्या ऑइल पेंटबाबत सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. तो कोरडा घासू नये, ओला करून घासावा, आणि त्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवावे.

रंगानंतर कापड, आणि या बाबतीत आपल्या घरांत भांडवल आधीपासूनच असते. कपाटात वर्षानुवर्षे घडी होऊन पडलेली सुती साडी घ्यावी. तिची लांबी साधारण साडेपाच मीटर आणि रुंदी सव्वा मीटरच्या आत-बाहेर असते. मधोमध कापली तर पावणेतीन मीटरचे दोन पडदे मिळतात, ज्यांची वरची दुमड आणि खालची पट्टी वजा जाऊनही ते सात फुटांवरून जमिनीपर्यंत पोहोचतात. दोन्ही मिळून रुंदी अडीच मीटरच्या जवळ जाते, आणि पडद्याला चांगल्या चुण्या पडण्यासाठी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट कापड लागते, म्हणजे चार-साडेचार फुटी खिडकीला एक साडी पुरे होते. माहेश्वरी साडी वापरण्याचा मोह होतो, पण तिच्यात बहुधा रेशमी ताणा (उभे धागे) असतो आणि रेशीम उन्हाने कमजोर होते. तिला अस्तर लावावे किंवा ती उत्तरेकडच्या खिडकीला लावावी. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटवून न लावता वीतभर वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर लावावी, म्हणजे पडदे सरकवल्यावर ते भिंतीवर जातात आणि खिडकी संपूर्ण उघडी राहते.

दिवाणावर घालायला नवी चादर घ्यायचीच असेल, तर इंदूरच्या शीतलामाता या कापडबाजारातल्या चकचकीत कृत्रिम कापडाऐवजी धार जिल्ह्यातील बाग गावची, ठशांनी छापलेली सुती चादर घ्यावी. तिच्यातील लाल रंग तुरटीच्या आधाराने आणि काळा रंग लोखंड व गूळ यांच्या मिश्रणातून येतो. या दोनच रंगांनी फिकट भिंतींच्या खोलीला पुरेसा भार येतो. पहिल्या धुण्याला ती वेगळी धुवावी.

दिव्यांबाबत थोडक्यात: छताच्या मध्यभागी एकच पांढरा भगभगीत दिवा ठेवण्यापेक्षा 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार उजेडाचे, दोन एलईडी दिवे कोपऱ्यांत, डोळ्यांच्या उंचीखाली ठेवावेत, वाचनाची ट्यूब हवी तेव्हाच लावावी.

सामान परत आणताना एकेक वस्तू आणावी आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना कमरेपेक्षा उंच काहीही ठेवू नये. तसबिरींचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असावा. मात्र जिथे जमिनीवर भारतीय बैठक घातली जाते, तिथे तो वीतभर खाली घ्यावा, कारण ती तसबीर बसलेला माणूस पाहणार आहे.