नाताळच्या भेटवस्तू देताघेताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की खान्देशात घरखर्चाला चारी बाजूंनी फाटे फुटतात. तुळशीचं लग्न झालेलं असतं, त्यामुळे लग्नसराई आणि तिच्यासोबत आहेर सुरू. शाळांची गॅदरिंग तोंडावर, म्हणजे ड्रेसचं भाडं आलं. त्यात गेल्या काही वर्षांत नाताळच्या भेटवस्तूंची भर पडली आहे. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, शिरपूर, कुठल्याही शहरात बघा. ऑफिसात ‘सीक्रेट सांता’च्या चिठ्ठ्या निघतात (ज्याच्या नावाची चिठ्ठी आपल्याला येईल त्याला गुपचूप भेट द्यायची), बालवाडीतून लाल टोपी आणायला सांगतात, सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाचशेच्या आत गिफ्ट आणा’ असा मेसेज पडतो. हे पाचशे कुणाला किरकोळ वाटतात, तर कुणाच्या घरी ती शेतातली दीड-दोन दिवसांची मजुरी असते.

यातला बहुतेक त्रास न बोलल्यामुळे होतो, असं माझं ठाम मत आहे. किती रुपयांचं आणायचं, कुणाकुणाला द्यायचं आणि द्यायलाच हवं का, हे तीन प्रश्न आधी उघडपणे कुणी विचारत नाही. मग जो तो अंदाज बांधतो, आणि अंदाज नेहमी वरचाच बांधला जातो.

नाताळात आहेराची वही उघडू नका

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एक जण वही-पेन घेऊन बसतोच. कुणी किती दिले, साडी आणली की भांडं, सगळं लिहिलं जातं आणि पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून तेवढंच किंवा थोडं जास्त परत केलं जातं. या पद्धतीला अर्थ आहे. लग्नघराला ऐनवेळी हातभार लागतो आणि परतफेड करायला पाच-दहा वर्षं मिळतात.

नाताळच्या भेटीत तसं काही नसतं. कुणाचं कार्य नाही, कुणी अडलेलं नाही, आणि देणंघेणं एकाच दिवशी. तरी मनात वही उघडतेच. शेजारच्या वहिनींनी आठशेचा स्पीकर दिला आणि आपण दोनशेचे कप दिले, हे लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी आपण आणखी काहीतरी घेऊन त्यांच्या दारात उभे. त्यांना ते घ्यावं लागतं, मग त्या संक्रांतीला आणखी मोठं आणतात.

असं झालंच तर लगेच परतफेड करू नका. वस्तू आनंदानं घ्या, वापरा आणि वापरल्याचं सांगा. दहा-पंधरा दिवसांनी, बोलणं निघेल तेव्हा सरळ म्हणा, ‘वहिनी, पुढच्या वर्षी आपण दोघी फक्त खाऊच देऊ या.’ समोरच्या बाईलाही नेमकं हेच हवं असतं, पण पहिलं कुणी बोलायचं यावर गाडी अडलेली असते.

आलेली वस्तू पुढे दुसऱ्याला देण्यात काही गैर नाही, पण खोका उघडून आतपर्यंत बघा. चिठ्ठी राहिली आहे का, ड्रायफ्रूटच्या डब्याची मुदत संपली आहे का, आणि भांडं असेल तर त्यावर नाव आहे का. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात मशीननं नाव आणि तारीख टाकून देतात. ते भांडं तिसऱ्या घरी गेलं तरी कुणाकडून कुणाला आलेलं, हे सगळं वाचता येतं.

ऑफिसात सगळ्यांना एका चिठ्ठीत ओढू नका

कायम नोकरीतला माणूस आणि कंत्राटी माणूस यांना एकाच रकमेची सक्ती करणं ही ऑफिसातली सर्वांत मोठी चूक. कंत्राटी मुलगा ‘मी नाही’ म्हणू शकत नाही, कारण त्याचं नूतनीकरण ज्यांच्या हातात आहे तेच साहेब टेबलावर चिठ्ठ्या टाकत असतात. त्यातून चिठ्ठी नेमकी साहेबांचीच निघाली तर त्याची झोप उडते. दोनशेत साहेबांना काय न्यायचं? तो हजार रुपये घालतो आणि घरी सांगत नाही.

म्हणून चिठ्ठ्या टाकण्याआधी नावं मागवा, आणि ज्याचं नाव आलं नाही त्याला कारण विचारू नका. साहेबांनी स्वतःहून बाहेर राहावं. रक्कम सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाला विचारून ठरवावी, आणि तीही त्याला बाजूला घेऊन, सगळ्यांसमोर नाही. शंभर-दीडशेत जळगावच्या फुले मार्केटमध्ये हातरुमालांची जोडी, चांगलं पेन, मुलांसाठी चित्रकलेची वही असं पुष्कळ मिळतं. शंभरची मर्यादा ठरली आणि कुणी चारशेचं आणलं, तर त्याचं कौतुक करू नका. कौतुक झालं की पुढच्या वर्षी मर्यादा चारशेची होते.

याहून सोपी एक वाट खान्देशातच आहे. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा हंगाम. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचेही त्याचं नाव घेतात, पण आपल्याकडे थंडीतल्या भरीत पार्ट्या त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. चिठ्ठ्यांऐवजी ज्याला जमेल तेवढी वर्गणी डब्यात टाकायची, कुणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याच्या पुऱ्या करायच्या. कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही आणि जेवायला सगळे एकाच पंगतीत असतात. भेटवस्तूंच्या कार्यक्रमात नेमकी हीच सोय नसते.

सांताच्या पोत्यात पालकांची स्पर्धा भरू नका

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मोठ्यांचं अवघडलेपण चार दिवसांत विरतं, मुलांचं तसं नसतं.

बऱ्याच शाळांत रीत अशी पडली आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर सूचना येते: आपापल्या पाल्यासाठी एक भेट पॅक करा, वर नाव लिहा, मुलांना न कळता शाळेत जमा करा, सांता ती वाटेल. सूचनेत किमतीबद्दल एक शब्द नसतो. मग कार्यक्रमाच्या दिवशी पीटीचे सर नाहीतर शिपाईकाका लाल झगा आणि कापसाची दाढी लावून येतात आणि पोत्यातून एकेक खोका काढून नाव पुकारतात. एका मुलाला रिमोटची गाडी मिळते, खोका इतका मोठा की तो छातीशी धरून त्याला पायऱ्या उतरता येत नाहीत, बाई मदतीला धावतात. पुढचं नाव एका मुलीचं. तिला कंपास पेटी मिळते. ती जागेवर येऊन बसते, कागद फाडत नाही, शेजारच्याच्या खोक्याकडे बघत राहते.

चार वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही, आकार कळतो. आणि सांता चांगल्या मुलांना बक्षीस देतो, हे त्याला आपणच महिनाभर सांगितलेलं असतं. मग लहान खोका मिळालेल्या मुलीनं स्वतःबद्दल काय समजायचं? आईवडिलांच्या ऐपतीचा फरक तिच्या वागणुकीचा निकाल होऊन बसतो. कुठल्याही शाळेनं हे होऊ देऊ नये.

ज्या संत निकोलसांवरून सांता आला, ते चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. त्यांची आख्यायिका सांगते, की तीन मुलींच्या लग्नाला पैसा नसलेल्या एका बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं. कुणाला कळू नये, बापाची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी रात्र निवडली. माइकवर नाव पुकारून वाटण्याशी या गोष्टीचं काही नातं उरत नाही.

उपाय कठीण नाही. शाळेनं सगळ्या मुलांना एकसारखी वस्तू द्यावी, रंगखडूंची पेटी किंवा गोष्टीचं पातळ पुस्तक. शाळा ऐकत नसेल तर पालकांपैकी एकानं ग्रुपवर साधा मेसेज टाकावा: ‘मॅडम, यंदा सगळ्यांनी शंभरच्या आत आणावं, सगळ्यांनी खाकी कागदात बांधावं आणि खोके घरी जाऊन उघडावेत, असं ठरवलं तर बरं होईल.’ खाली पंधरा-वीस अंगठे उमटतील, कारण गप्प बसलेले बहुतेक याच विचारात असतात. आणि ज्या पालकांना या कार्यक्रमात भागच घ्यायचा नाही, त्यांच्या मुलाला त्या दिवशी एकटं बसवू नका.

मूल रडतच घरी आलं तर संध्याकाळी बाजारात धावू नका. मोठी गाडी आणली की त्याचा समज पक्का होतो. जवळ घ्या आणि खरं सांगा, की खोके आईबाबांनीच शाळेत दिले होते, सांता म्हणजे आपले सर होते, आणि तुझा खोका तुझ्या वागण्याशी जोडलेला नव्हता. सांताची गंमत एखादं वर्ष आधी संपली तरी चालेल.

खेळणी घेताना एक बघायचंच. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दिव्यांच्या आणि आवाजाच्या स्वस्त खेळण्यांत बटणासारखे चपटे सेल असतात. त्याच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊ नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

ख्रिस्ती घरी जाताना

आपल्या सोसायटीत भेटवस्तूंची धांदल चालू असते तेव्हा ज्यांचा हा सण आहे ती घरं वेगळ्याच कामात असतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, धुळ्यात, नंदुरबारात, नवापूर तालुक्यात चिंचपाड्याकडच्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ म्हणजे प्रार्थना, नवे कपडे, रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणं आणि एकत्र जेवण. दारावर चांदणीचा कंदील लागतो. मराठी ख्रिस्ती घरांत केकसोबत करंज्या, चकल्या, शंकरपाळेही असतात.

तिथे पहिली चूक वेळेची होते. पंचवीसच्या सकाळी लोक चर्चमध्ये असतात. दुपारनंतर फोन करून जा. दुसरी चूक सिनेमे पाहून केलेल्या समजुतीची. ख्रिस्ती घर म्हणून दारूची बाटली नेऊ नका, खान्देशातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत दारूला अजिबात स्थान नाही. तिसरी, मोठी वस्तू नेऊन त्यांना भिडेत पाडणं. सणाच्या दिवशी घरच्या बाईनं पंचवीस-तीस माणसांचा फराळ केलेला असतो. तुम्ही भलंमोठं गिफ्ट ठेवलंत की ‘इतलं कसाले?’ म्हणत ती तुम्हाला परत काय द्यायचं याच्या काळजीत पडते. मेहरूणची बोरं याच दिवसांत येतात, ती न्या. केळीचे वेफर्स न्या, घरचे बिबडे (ज्वारीचे पापड) न्या. आणि बसा. दिलेली करंजी हातात घेऊन पाच मिनिटांत उठणाऱ्या पाहुण्यापेक्षा तासभर बसणारा पाहुणा त्यांना आवडतो. त्या घरात वर्षभरात कुणी वारलं असेल तर गिफ्ट नकोच, फक्त जा.

उलट्या बाजूनं, ते तुमच्याकडे केक पाठवतात तेव्हा अंड्याचा प्रश्न येतो. घरात कुणी अंडं खात नसेल तर तसं आधीच मोकळेपणानं सांगून ठेवा. केक घेऊन नंतर कुणाला तरी देऊन टाकण्यापेक्षा हे चांगलं. आणि तुम्ही जैन किंवा मारवाडी शेजाऱ्याला केक देणार असाल तर बेकरीत बिनअंड्याचा मागून खोक्यावर तसं लिहून घ्या.

पंचवीस तारीख चुकली म्हणून घाबरू नका

अक्कलकुवा, धडगावकडे पार्सल पोचायला शहरापेक्षा वेळ लागतो आणि डिसेंबरअखेर तर जास्तच. म्हणून लोक जादा पैसे भरून घाईचं कुरिअर करतात. गरज नाही. चर्चच्या जुन्या परंपरेत नाताळचा काळ 6 जानेवारीपर्यंत चालतो. पूर्वेकडच्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याची आठवण त्या दिवशी होते, आणि स्पेनमध्ये मुलांना भेटी मिळतात त्या 6 जानेवारीलाच. दुसऱ्या टोकाला, नेदरलँडमध्ये 5 डिसेंबरच्या संध्याकाळीच भेटी वाटून होतात. ‘नव्या वर्षात मिळेल’ एवढं फोनवर सांगितलं तरी काम होतं.

रोख द्यायला लाजू नका

पुण्या-मुंबईकडच्या भाच्यांना काय आवडतं हे जळगावात बसून कळत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 साली विद्यार्थ्यांना त्यांच्या नाताळच्या भेटींबद्दल विचारून हिशेब मांडला होता: घेणाऱ्याच्या दृष्टीनं वस्तूचं मोल तिच्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरतं. जवळच्या मित्रांच्या भेटीत ही घट कमी होती, लांबच्या नातेवाइकांच्या भेटीत जास्त. आपल्या आजीचं एकशे एक रुपयांचं पाकीट याच कारणानं चांगलं आहे. घरकाम करणाऱ्या ताईंना तर वस्तूपेक्षा पाकीटच द्या, आणि ते पगारातून वेगळं, पगाराच्या दिवशी न देता.

वस्तूच द्यायची असेल तर बिल फाडून टाकू नका. किंमत झाकून त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा, आणि दुकानदाराला घेतानाच विचारा की साइज किंवा रंग बदलून मिळेल का आणि किती दिवसांत. ‘सेलमधला माल बदलून मिळणार नाही’ अशी पाटी असेल तर तिथून कपडे किंवा चपला भेटीसाठी घेऊ नका.