वॉचडॉग लावूनही बोर्ड हँग होतोय? या चुका टाळा

शेतातल्या मोटारीसाठी आर्डुइनो नॅनो बोर्ड आणि जीएसएम मॉड्यूल (सिमकार्डवर कॉल घेणारं) जोडून मिस्ड कॉलवर पंप चालू करायचं जुगाड केलं होतं, पंधरा दिवस मस्त चाललं आणि मग एका रात्री रिंग जातेय पण मोटार चालू करणारा रिले ढिम्म. वर वॉचडॉग, म्हणजे ठरल्या वेळेत कोडनं 'सगळं ठीक' असं कळवलं नाही तर बोर्ड आपोआप रिस्टार्ट करणारा चिपमधला टायमर, लावलेला होता बरं का!

चूक माझीच. वॉचडॉगचा रिसेट (त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी ओळ) मी टायमर इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य कोड अडकला तरी ठरावीक वेळानं चालणाऱ्या कोडमध्ये, टाकला होता. मेन लूप, म्हणजे मुख्य कोड, मॉड्यूलच्या 'ओके'ची वाट बघत अडकलेला, आणि इंटरप्ट मात्र इमानदारीत दर सेकंदाला सगळं ठीक म्हणून सांगतोय. गोष्ट ऐकता ऐकता झोपलेलं पोर हं हं करत राहतं ना, तसं. त्यामुळे रिसेट एकाच ठिकाणी, मेन लूपच्या शेवटी, आणि तोही सेन्सर वाचला, मॉड्यूलनं उत्तर दिलं असे फ्लॅग (काम झाल्याच्या खुणा) लागले असतील तरच. या चिपवर जास्तीत जास्त ८ सेकंद मिळतात, नेटवर्क पकडायला कधी जास्त लागतात, म्हणून लोक वाट बघायच्या लूपमध्येच रिसेट कोंबतात. मग परत तेच. त्या लूपला स्वतःची वेळमर्यादा घाला.

दुसरा घोळ जुन्या बूटलोडरचा, म्हणजे बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या आणि नवीन कोड चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. वॉचडॉगनं बोर्ड रिसेट केल्यावरही वॉचडॉग चालूच राहतो, तेही सगळ्यात कमी म्हणजे साधारण १६ मिलिसेकंदांवर, आणि जुना बूटलोडर त्याला बंद करत नाही, मग एलईडी नुसता फडफडतो, नवीन कोडपण चढत नाही. मी दोन बोर्ड मेले म्हणून बाजूला टाकले होते! दुसरा ऊनो प्रोग्रामर म्हणून जोडून ऑप्टीबूट हा नवा बूटलोडर बर्न केला, दोन्ही जिवंत.

एसटीएम३२ चिपवाल्यांनो, डीबग करताना ब्रेकपॉइंटवर (कोड मुद्दाम थांबवतो ती जागा) थांबलात तरी आयडब्ल्यूडीजी, म्हणजे तिथला वॉचडॉग, पळत असतो, डीबगचा फ्रीझ बिट लावा.

आणि रिसेट फक्त कंट्रोलरचा होतो, अडकलेलं मॉड्यूल तसंच अडकलेलं, त्याची रिसेट पिन कोडमधून ओढावी लागते. रिले पिन लो (० व्होल्ट) झाल्यावर चालू होणारा असेल तर आधी पिन हाय लिहा, मग आउटपुट करा, नाहीतर दर रिसेटला मोटार टक् करून झटका खाते.

शेवटी ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) रिसेटचा काउंटर ठेवला तेव्हा कळलं की बरेचसे रिसेट कॉल येतानाच होतायत. सिम८०० (माझं जीएसएम मॉड्यूल) क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, माझ्या सप्लायचं व्होल्टेज तिथंच खाली बसत होतं. मॉड्यूलच्या पिनांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, काउंटर जवळपास थांबला.