कूलरच्या टाकीतले डास

जून संपत आला तरी आमच्या नागपुरात कूलर बंद करायची सोय नाही. यंदा भरदिवसा डास चावायला लागले, तेही घोट्यापाशी. काळे, पायांवर पांढरे पट्टे असलेले, म्हणजे डेंग्यू पसरवणारे एडिस. घरात आई आजारी, त्यामुळे जीव टांगणीला.

एका सकाळी कूलरची मागची ताटी काढून टॉर्च मारला. पाण्यात बारीक अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. टाकीला जरा धक्का लागला की वळवळत तळाशी! पाणी तर मी दर आठवड्याला बदलत होतो. पण नुसतं ओतून द्यायचो, चूक तिथेच झाली. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

आता दर रविवारी टाकी रिकामी करून कडा ब्रशने खसाखसा घासतो, उन्हात वाळवतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून एकही रविवार चुकवत नाही. काढलेलं पाणी तापलेल्या मातीवर ओततो. अंगणातल्या हौदात गप्पी मासे सोडले, कुंड्यांखालच्या बशा काढल्या. पंधरा दिवसांत दिवसाचं चावणं थांबलं. कूलर झाकून ठेवतानाही टाकी घासूनच ठेवणार, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच पाण्याला अळ्या हजर.