शीफ टॉस: पोतं बारला खालून आदळत असेल तर (माझा अनुभव)

शीफ टॉस म्हणजे लांब दांड्याच्या फोर्कने (दाताळ्याने) पोतं उचलून उंच आडव्या बारवरून पलीकडे फेकण्याचा खेळ. लक्षण असं: पेंढा भरलेलं १६ पौंडांचं (साधारण ७.२५ किलो) गोणपाटाचं पोतं जोरात सुटायचं, पण सरळ वर न जाता मागे झुकायचं आणि बारला खालून धडकायचं.

खांद्यांचा व्यायाम वाढवला, बारपासून लांब उभं राहून पाहिलं, फोर्कचे दाते खोल खुपसले. खोल खुपसल्यावर तर पोतं सुटेचना. एका उंचीला तीनच संधी, त्यामुळे जीव मेटाकुटीला यायचा.

बाजूने व्हिडिओ काढला तेव्हा उलगडलं: झोक्याच्या सुरुवातीलाच कोपर वाकत होते, म्हणून पायांची ताकद पोत्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

आता क्रम असा. पाठ बारकडे, पोतं उजव्या पायाच्या बाहेर (मी उजव्या हाताचा). दाते पोत्याच्या वरच्या भागात, जेमतेम धरतील इतकेच घालायचे, मग फोर्क हलवून पकड थोडी सैल करायची. ही सैल पकड फार महत्त्वाची, तिच्यावरच सुटण्याची वेळ ठरते. मग लंबकासारखे एक-दोन संथ झोके, हात सरळ. शेवटच्या झोक्यात पोतं पुढे येताना आधी गुडघे आणि कंबर झटक्यात सरळ, त्यानंतरच हातांनी ओढायचं. दांडा अंगालगत ठेवून थेट डोक्यावर न्यायचा आणि नजर पोत्यावर ठेवायची. फोर्क उभा झाला की पोतं आपोआप सुटतं.

तरीही मागे जात असेल तर ताकद वाढवू नका, बारपासून अर्धं पाऊल पुढे, म्हणजे लांब, सरका.